दत्तराव आयर्लंडला गेलेत

आमच्या शेजारच्या दत्तरावांकडे संध्याकाळी कुणी आलं, की पारूकाकू आधी घड्याळाकडे बघतात. साडेसहा वाजायचे असतील तर म्हणतात, "हायेत की, या." वाजून गेले असतील तर पदराला हात पुसत सांगतात, "ते आयर्लंडला गेलेत. साडेआठला येतील."

आणि दत्तराव तिथून दहा पावलांवर, मागच्या पडवीत बसलेले दारातून सरळ दिसत असतात. जून महिना, आमच्या जवळा बाजार गावात नुसत्या बसण्यानं घाम फुटतोय, आणि या गृहस्थाच्या अंगात लोकरीचा स्वेटर, कानाला मफलर, पुढ्यात स्टुलावर मोबाइल. आलेला माणूस "राम राम दत्तराव" म्हणाला तरी ते उत्तर देत नाहीत. परदेशातून कसं देणार?

या प्रकाराला थोडाफार मीही जबाबदार आहे. मी इथल्या शाळेत मास्तर. दत्तरावांच्या घराला माझी भिंत लागून आहे आणि माझं वायफाय त्या भिंतीला जुमानत नाही. युरोपातली फुटबॉलची मोठी स्पर्धा सुरू झाली तेव्हा दत्तराव मोबाइल घेऊन आले. मॅच दिसायला इथं पैसे मागत होते. मी म्हटलं, पैसे कशाला? काही देशांत हीच मॅच फुकट दाखवतात. आपण मोबाइलला फक्त सांगायचं की आपण त्या देशात आहोत. मी आयर्लंड निवडलं. पडद्यावर प्रश्न आला, तुम्ही आयर्लंडमध्ये आहात का? मी 'हो' दाबायला गेलो तर दत्तरावांनी माझं मनगटच धरलं.

"गुरुजी, ही लबाडी झाली."

इथं माणूस समजून घ्यायला हवा. दत्तराव चाळीस वर्षं बाजारात मापाडी होते. कापूस, सोयाबीन, तूर, सगळ्यांचं वजन त्यांच्या काट्यावर झालं. "काटा मधी पायजे" हे त्यांचं पालुपद. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात त्यांचे सासरे कापूस घेऊन आले. वजन होताना म्हाताऱ्याचा एक पाय काट्याच्या फळीवर होता. चुकून टेकला होता, असं काकू अजून म्हणतात. दत्तरावांनी भर बाजारात आवाज दिला, "मामा, पाय काढा!" त्या वर्षी दिवाळीला काकूंना माहेरहून कुणी न्यायला आलं नाही. क्रिकेट त्यांना याच कारणासाठी आवडत नाही. पाऊस आला की त्यात हिशोब बदलतो. फुटबॉलात तसं नाही. "चेंडू रेषेच्या आत गेला तं गेला, न्हाई तं न्हाई."

तर अशा माणसाला खोटं 'हो' दाबायला सांगणं म्हणजे दगडावर डोकं आपटणं. मी नाद सोडला. पण तिसऱ्या दिवशी तेच हाक मारायला आले. मागच्या पडवीत त्यांनी चुन्याच्या फक्कीची सरळ रेष मारली होती, कबड्डीला मारतात तशी.

"ह्या रेषेच्या पल्याड आयर्लंड," ते म्हणाले. "मी तिकडं जाऊन बसतो. मंग दाबा 'हो'. आता सांगा, खोटं कुठं हाय?"

मी बी.एड. झालेला माणूस. मी 'हो' दाबलं.

मग नियम आले. तिकडं थंडी असते असं मी बोलून गेलो होतो, म्हणून स्वेटर. तिकडचे लोक थुंकत नाहीत, म्हणून तंबाखूची डबी रेषेच्या अलीकडे. पाठिंबा आयर्लंडलाच, कारण फुकट दाखवतात तर खाल्ल्या मिठाला जागायला हवं. आता आयर्लंड त्या स्पर्धेत खेळतच नव्हतं. मी ते सांगितलं, तर म्हणाले, "म्हणून तं आपण अजून एकदाबी हारलो न्हाई." परक्या भाषेतलं समालोचन लागलं तरी मान डोलवायचे. "बराबर बोलून राहिला."

काकू रेषेपर्यंत चहा आणून ठेवत आणि तिथूनच मागं फिरत. "मला न्हाई जायचं कुठं," त्या म्हणायच्या. "माझी भाकर तव्यावर हाय."

एकदा गल्लीतले शिंपी रशीदभाई आले आणि काकूंनी नेहमीचं उत्तर दिलं. रशीदभाईंनी दारातूनच ओरडून सांगितलं, "दत्तराव, आते वक्त एक अच्छी टॉर्च लेते आना!" ते गेले हसत. पण दत्तरावांनी ते मनाला लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाजारातून टॉर्च विकत आणली, मॅचला जाताना रेषेपलीकडे नेली, साडेआठला परत आणली आणि रशीदभाईंच्या दुकानात नेऊन दिली. "घ्या. आयर्लंडहून आणली."

सगळी गंमतच होती. फक्त एक गोष्ट माझ्या लक्षात यायला उशीर झाला. फुकट दाखवणाऱ्या देशांत डेन्मार्क होतं आणि तिथलं चित्र सगळ्यांत स्वच्छ यायचं. पण मी ते नाव घेतलं की दत्तराव मफलर नीट करायला लागायचे. बरं, डेन्मार्कचा संघ खेळणार असला तर ते दुपारपासून तयार. एकही मॅच चुकवली नाही. बघायची मात्र आयर्लंडमधून. आणि एरवी चेंडूवर खिळलेला हा माणूस डेन्मार्कची मॅच असली की चेंडू सोडून द्यायचा. पडद्यावर प्रेक्षक दाखवले की घाईघाईनं चष्मा चढवायचा.

शेवटी काकूंना विचारलं.

"आमची सवी हाय न्हवं तिकडं," त्या म्हणाल्या. सवी म्हणजे सविता, त्यांची एकुलती एक लेक. नोकरीला डेन्मार्कला गेली आणि सहा वर्षांपूर्वी तिथल्याच मुलाशी लग्न करून मोकळी झाली. आधी लग्न, मग फोन. दत्तराव फोनवर एवढंच म्हणाले, "तुझ्या देशात मी पाय ठिवणार न्हाई." त्यानंतर बापलेकीत एक शब्द नाही. शब्द दिला की दिला. काटा हलायचा नाही. काकू लेकीशी बोलायच्या त्या आमच्या घरातून, मी शाळेत असताना, माझ्या बायकोच्या फोनवरून, विरजण न्यायला येते असं सांगून. नवऱ्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून दरवेळी विरजण खरंच न्यायच्या. सहा वर्षं त्या घरात रोज दही लागत होतं आणि खाणारी माणसं दोन.

"हे फुटबॉलचं खूळ सवीच्या लग्नापासूनचंच हाय," काकू म्हणाल्या आणि विरजण घेऊन गेल्या. मला त्या दिवशी दत्तरावांचा राग आला. स्वतःच्याच शब्दाखाली चेंगरून घेणारी माणसं मला आवडत नाहीत.

बाद फेरीत डेन्मार्कची मॅच आली. दत्तराव स्वेटर घालून रेषेशी उभे. मी मोबाइलवर बराच वेळ बोटं फिरवली आणि म्हटलं, "आयर्लंड बंद आहे. बाकीचेही उघडत नाहीत. एकच देश चालू आहे."

कोणता, ते त्यांनी विचारलं नाही. मोबाइलमधून लोकांचा गोंगाट ऐकू येत होता. खेळाडू मैदानात आले होते. दत्तराव रेषेकडे बघत राहिले. मग डोळे मिटून त्यांनी उजवा पाय पलीकडे टाकला आणि जाऊन बसले.

पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील, ताडकन उठून परत आले.

"काय झालं?"

"लेकीच्या गावात जायचं अन् तिच्या दारावरून तसंच माघारी यायचं? लोक काय म्हणतील?"

"कोण लोक?"

"तिकडचे!"

ते स्वयंपाकघरात गेले. डबे वाजले. बाहेर आले तेव्हा डोक्यावर इस्त्रीची टोपी होती आणि हातात पिशवी. पिशवीत भुईमुगाच्या शेंगा आणि वाळवणाच्या खारोड्या. लेकीकडे रिकाम्या हातानं कसं जायचं? पुन्हा रेष ओलांडून मला म्हणाले, "लावा फोन."

मी घरून बायकोचा फोन आणून व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपार होती. सवीला वाटलं आई असेल. पडद्यावर टोपी दिसली आणि तिचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

"आबा?"

"तुझ्या देशात आलतो," दत्तराव म्हणाले. "म्हणलं, भेटून जावं. घरी येऊ का?"

तिनं फोन फिरवून बाहेरचं दार दाखवलं. दत्तरावांनी वाकून पायातल्या चपला काढल्या. मग तिनं आतलं घर दाखवलं, ओटा, खिडकी, खिडकीतली तुळस. एक उंच गोरा माणूस पुढं आला, हात जोडून "राम राम, आबा" म्हणाला. सहा वर्षं तिनं हे त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. कशाच्या आशेवर, कोण जाणे.

"राम राम, पाव्हणं," दत्तराव म्हणाले आणि मफलरनं डोळे पुसायला लागले.

"आबा, स्वेटर काहून घातलं? इथं उन्हाळा हाय."

दत्तरावांनी माझ्याकडे रागानं पाहिलं. काकू पिठाच्या हातानं धावत आल्या आणि पहिल्यांदाच रेषेपलीकडे गेल्या. तव्यावरची भाकरी जळून कोळसा झाली. मॅच कोण जिंकलं ते आम्हाला कुणालाच कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दत्तराव ओंजळभर शेंगा घेऊन आले. "डेन्मार्कहून आणल्या. सवी म्हणली, गुरुजीला द्या."

मी शेंगा घेतल्या. ते जाईनात.

"गुरुजी, काल आयर्लंड खरंच बंद होतं का हो?"

मी शेंग फोडत म्हटलं, "होतं की."

चाळीस वर्षं काटा वाचलेल्या नजरेनं ते माझ्याकडे बघत राहिले. मला नजर वर करता येईना.

"कुणाचा तरी पाय हाय काट्यावर," ते म्हणाले, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ द्या. काढू नका."