अल्का शहारे यांचे चाळीस टक्के

शासनाच्या नियमानुसार माणूस चाळीस टक्के अपंग झाल्याशिवाय अपंग नसतो. एकोणचाळीस टक्क्यांपर्यंत त्याला फक्त त्रास असतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो, तरी टक्केवारीचा हा उपयोग मला २००९ सालच्या ऑगस्टपर्यंत माहीत नव्हता. तो अल्कामुळे कळला.

अल्का देवीदास शहारे ही माझी जुनी विद्यार्थिनी. आमचे गाव गोरेगाव या तालुक्याच्या ठिकाणापासून नऊ किलोमीटरवर आहे. दोन वर्षांची असताना पोलिओने तिचा उजवा पाय पूर्ण नेला आणि डावा अर्धा ठेवला. सपाटीवर ती गुडघा हाताने दाबून चालते. जिथे चालता येत नाही तिथे हातात रबरी चपला घालून बसत बसत पुढे सरकते. अशीच ती शाळेत येत असे आणि पहिला नंबर काढत असे. पुढे बाहेरून परीक्षा देऊन ती बी.कॉम. झाली, टायपिंगही शिकली. तालुक्यातल्या एका शिक्षण संस्थेत लिपिकाची जागा अपंगांसाठी राखीव निघाली, तेव्हा निवड यादीत तिचे नाव सर्वांत वर होते. मात्र ३१ ऑगस्टपर्यंत अपंगत्वाचे प्रमाणपत्र सादर करायचे होते, नाहीतर यादीतल्या पुढच्या उमेदवाराला बोलावले जाणार होते.

प्रमाणपत्र मोठ्या सरकारी दवाखान्यात मिळते. तिथे डॉक्टरांचे मंडळ दर बुधवारी बसते. हातात चार बुधवार होते. अल्काचे वडील देवीदास राइस मिलमध्ये हमाली करतात, कागदपत्रांना ते बिचकतात, म्हणून मी सोबत जायचे ठरवले. गुरू म्हणून ते माझे कर्तव्य होते. शिवाय गावात ते बरे दिसते.

पहिल्या बुधवारी आम्ही सकाळच्या एसटीने निघून दहाला खिडकीवर पोचलो. खिडकीमागच्या बाबूंचे नाव गुलाबचंद. त्यांनी अर्ज बघितला आणि फोटोवर बोट ठेवले. नियमाप्रमाणे फोटोत उमेदवाराचा चेहरा आणि अपंगत्व, दोन्ही दिसायला हवे होते. अल्काच्या फोटोत नुसता चेहरा होता.

समोरच फोटो स्टुडिओ होता. त्याचे दार रस्त्याकडे उघडे असायचे. फोटोवाल्याने अल्काला स्टुलावर बसवून सलवार गुडघ्याच्या वर घ्यायला सांगितले. बाहेर उसाच्या रसाच्या गाडीजवळ उभे असलेले चारपाच लोक वळून बघू लागले. देवीदास दारात आडवे उभे राहिले, पण ते अंगाने बारीक, त्यांच्या दोन्ही बाजूंनी दिसतच होते. अल्का भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. फोटो घेऊन आम्ही खिडकीवर आलो. गुलाबचंदांनी तो उजेडात धरला.

"पैर तो आ गया," ते म्हणाले, "पण चेहरा ओळखू येऊन नाही राहिला. हा पाय कोणाचाही असू शकतो."

आम्ही परत गेलो. दुसऱ्या फोटोत अल्काने आपला पाय दोन्ही हातांनी उचलून चेहऱ्याजवळ धरला. हा फोटो मंजूर झाला. तो आजही तिच्या फाईलला लावलेला आहे. त्यात ती हसल्यासारखी दिसते. फोटोवाल्याने हसायला सांगितले होते.

मंडळ दुसऱ्या मजल्यावर बसत होते. अस्थिव्यंगाची तपासणी दुसऱ्या मजल्यावर का, असे मी विचारले. तळमजल्यावर डोळ्यांचा विभाग आहे, अंध लोकांना जिने चढायला लावणे बरे दिसत नाही, असे उत्तर मिळाले. लिफ्ट फक्त भरती झालेल्या रुग्णांसाठी होती. चाकाच्या खुर्च्या एका खोलीत कुलूप लावून नीट ठेवलेल्या होत्या. त्या अपंगांनाच मिळत, आणि अपंग असल्याचा पुरावा म्हणून प्रमाणपत्र दाखवावे लागे.

देवीदास पाठ वाकवून खाली बसले. अल्का नको म्हणाली. तिथे शंभरेक माणसे होती आणि ती सव्वीस वर्षांची होती. तिने हातांत चपला चढवल्या, पायऱ्यांकडे पाठ केली आणि एकेक पायरी बसत वर सरकू लागली. पायऱ्या सेहेचाळीस होत्या, मी मोजल्या. लोक बाजूला होऊन वाट देत होते. एका बाईने तिच्या मांडीवर नाणे ठेवले, ते अल्काने शांतपणे परत दिले. वर पोचली तेव्हा तिच्या पाठीचा कुर्ता घामाने चिकटला होता, पण चेहऱ्यावर समाधान होते. मलाही अभिमान वाटला. मी तिला शाबासकी दिली.

मंडळाच्या डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, कशी आलीस. ती म्हणाली, पायऱ्या चढून आली. कोणाची मदत घेतली? कोणाचीच नाही, असे तिने जरा ताठ होऊन सांगितले. डॉक्टरांनी पायाला टेप लावला आणि लिहिले: "रुग्ण विनासाहाय्य दोन मजले चढते." मग बेरीज वजाबाकी करून चौतीस टक्के दिले.

चौतीस टक्क्यांत अल्का अपंग होत नव्हती. तिच्या सहा टक्क्यांची चोरी तिने स्वतःच जिन्यावर केली होती.

दुसऱ्या बुधवारी आम्ही चूक सुधारली. अल्का खालीच बाकावर बसून राहिली आणि मी वर जाऊन सांगितले की उमेदवार जिना चढू शकत नाही, तरी खाली येऊन तपासावे. डॉक्टर सौम्यपणे म्हणाले की मंडळ हजर उमेदवारांनाच तपासते. त्यांनी माझ्यासमोर तिच्या नावापुढे "गैरहजर" असा शेरा मारला. अक्षर सुरेख होते.

तिसऱ्या बुधवारी देवीदासांनी तिला पाठीवर घेतले. क्विंटलचे पोते वाहणाऱ्या माणसाला मुलगी जड नव्हती. या खेपेला अल्काने नाही म्हटले नाही. बापाच्या खांद्यात तोंड खुपसून तिने डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरांनी आधीचा कागद काढला, मग तिला बघितले, मग पुन्हा कागद. पंधरा दिवसांपूर्वी आपल्या आपण दोन मजले चढणारी मुलगी आज बापाच्या पाठीवर कशी, असे त्यांनी विचारले. एक तर आजार झपाट्याने वाढतो आहे, म्हणजे अपंगत्व स्थिर नाही, आणि स्थिर नसलेल्या अपंगत्वाची टक्केवारी काढता येत नाही. किंवा मग हे नाटक आहे.

देवीदास हात जोडून उभे राहिले. अल्का टेबलाच्या कडेला धरून उभी होती. ती हळू आवाजात बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेले.

"साहेब, मी चढून आली तं अपंग नाही. खाली बसली तं गैरहजर. बापाच्या पाठीवर आली तं नाटक. मंग मी कसी येऊ, थे एकडाव लिहून द्या. मी तसीच येतो."

डॉक्टर माणूस वाईट नव्हते, त्यांनाही काही वाटले असावे. ते म्हणाले की मागणी रास्त आहे, पण ती लेखी हवी. मी तिथेच अर्ज लिहिला: "उमेदवाराने मंडळासमोर कोणत्या अवस्थेत उपस्थित राहावे याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत." गुलाबचंदांनी त्यावर आवक क्रमांक टाकला आणि मार्गदर्शनासाठी पूर्ण फाईल वरच्या कार्यालयात पाठवली. फाईल परत येईपर्यंत तपासणी होणार नव्हती.

परतीच्या एसटीत अल्काने मला विचारले, "गुरुजी, फाईल एकतीसच्या आत येईल ना?" मी म्हणालो, नक्की येईल. मी गणिताचा मास्तर आहे, मला बेरीज येते. पण अशा वेळी माणसाला धीर द्यावा.

चौथ्या बुधवारी मला अल्कासोबत जाता आले नाही, कारण त्याच दिवशी त्याच दवाखान्यात मला माझ्या भाच्याला घेऊन जायचे होते.

निवड यादीत दुसरे नाव माझा भाचा खुमेंद्र याचे होते. हे मी आधी सांगायला हवे होते, पण विषय अल्काचा होता. खुमेंद्र चोवीस वर्षांचा, कबड्डीत तालुक्यात नाव असलेला मुलगा. खुल्या रकान्यात चढाओढ फार, म्हणून त्याने अर्ज भरताना अपंगाच्या रकान्यात खूण केली होती. नंबर लागेल असे कोणाला वाटले नव्हते. माझी बहीण रडत आली. देव संधी देऊन राहिला आन तुम्ही मामा असून गप्प बसून राहिले, असे म्हणाली. लहानपणी तळ्यात पोहताना खुमेंद्रच्या डाव्या कानात पाणी गेले होते, हे मला तेव्हा आठवले.

अल्कासोबत तीन बुधवार काढल्यामुळे मला कामाची पद्धत कळली होती, हे मी कबूल करतो. कोणता फॉर्म, कोणती खिडकी, कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले की घात होतो, सगळे पाठ झाले होते. शिवाय गुलाबचंद माझ्या साडूच्या गावचे निघाले. ओळीने तीन बुधवार भेटल्यावर ओळख निघतेच.

खुमेंद्रची तयारी मी घरी चार दिवस करून घेतली होती. मागून हाक मारली की वळायचे नाही, ताट पडले तरी बघायचे नाही. पोरगा हुशार आहे. दवाखान्यात तो दोन दोन पायऱ्या एकदम चढू लागला तेव्हा मी त्याला हळू चाल म्हणालो. कानाचा पायऱ्यांशी संबंध नाही, हे नंतर लक्षात आले. फोटोची अडचण आली नाही, कारण कान आणि चेहरा एकाच फोटोत मावतात. कान तपासायचे यंत्र बंद होते, म्हणून डॉक्टरांनी तोंडीच प्रश्न विचारले. खुमेंद्रला ते ऐकू येत नसल्यामुळे उत्तरे मी दिली. मध्येच टेबलावरचा फोन वाजला आणि त्याने पटकन तिकडे बघितले. डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितले, मग घड्याळाकडे. जेवणाची वेळ झाली होती. सेहेचाळीस टक्के मिळाले.

खाली उतरलो तर बाकावर अल्का बसलेली होती. फाईल आली का हे विचारायला ती एकटीच आली होती. तिने खुमेंद्रला बघितले, मग माझ्या हातातला कागद बघितला. मी म्हणालो, जरा काम होते. ती म्हणाली, हो. मग तिने गाडीची वेळ विचारली आणि मी ती सांगितली.

एक तारखेला संस्थेने खुमेंद्रला रुजू करून घेतले. मी शाळेत पेढे वाटले.

अल्काची फाईल फेब्रुवारीत परत आली. मार्गदर्शन असे होते: "उमेदवाराने प्रत्यक्ष उपस्थित राहावे." ती प्रत्यक्ष उपस्थित राहिली. नवे डॉक्टर आले होते, त्यांनी काही न विचारता अठ्ठावन्न टक्के दिले. प्रमाणपत्र मात्र तात्पुरते होते. पायात सुधारणेची शक्यता लक्षात घेऊन दोन वर्षांनी फेरतपासणी करायची होती. पाय चोवीस वर्षांपासून तसाच होता, पण सरकार आशा सोडत नाही.

मार्चच्या एका रविवारी ती आमच्या ओसरीवर येऊन बसली. हातात टाईप केलेला अर्ज होता. तिने स्वतःच टाईप केला होता, समास एकदम सरळ. खोट्या प्रमाणपत्राबद्दल जिल्हाधिकाऱ्यांकडे तक्रार होती. खाली साक्षीदारांच्या सहीसाठी दोन जागा सोडल्या होत्या. ती म्हणाली की गावात अकरा घरी जाऊन आली. खुमेंद्रचे कान कसे आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांनी तिला चहा दिला, सगळे हळहळले, आणि सगळे एकच म्हणाले, लागलेल्या पोराची रोटी कायले काढतेस. मी तिला म्हणालो की दुसऱ्याचे वाईट करून आपले भले होत नसते.

"गुरुजी, त्याचं वाईट नाही करून राहिली मी," ती म्हणाली. "जे झालं तेवढंच लिवलं. तुमी तं तिथं होते. खोटं असन तं खोडून टाका."

मी चष्मा लावून अर्ज वाचला. खोडण्यासारखे काही नव्हते. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या, त्या मी लाल पेनाने दुरुस्त केल्या आणि अर्ज तिला परत दिला. तिने तो घडी न घालता पिशवीत ठेवला, हातांत चपला चढवल्या आणि ओसरीवरून खाली उतरली.

अर्ज अजून तिच्याजवळ आहे, साक्षीदारांच्या दोन्ही जागा कोऱ्या. माझी अडचण तुमच्या लक्षात आली असेल, मी मामा पडतो. तुमचे तसे काही नाते नाही, आणि झाले ते सगळे आता तुम्हालाही माहीत आहे. आमच्या गावाला गोरेगावहून एसटी मिळते. पत्ता विचारला तर कोणीही तिचे घर दाखवेल, आणि चहाही देईल.