पांढरीपांडेकाकांचे गिटारवाले

आमच्या ऑफिसातल्या श्रीवास्तवजींच्या मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. वधू वराला हार घालते आहे, दोन्हीकडचं गणगोत टाळ्या वाजवतं आहे, आणि बरोबर मध्ये बंद गळ्याचा कोट घातलेला एक माणूस सगळ्यांकडे पाठ करून उभा आहे. श्रीवास्तवजींनी फोटोवर बोट ठेवून मला विचारलं, "मैडम, ये आपके साथ आए थे ना?"

हो म्हणावं लागलं. ते आमचे घरमालक, पांढरीपांडेकाका. लग्नात ऑर्केस्ट्रा आहे एवढं माझ्या तोंडून निसटलं आणि ते आपणहून माझ्याबरोबर निघाले. फोटो काढला गेला तेव्हा ते ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्याचा डावा हात बघत होते. जेवले नाहीत, आहेराचं पाकीटही खिशातच राहिलं. परतताना मात्र म्हणाले, "मुलगा बरा आहे." मला वाटलं नवरामुलगा. तर गिटारवाला.

काका मूळचे अमरावतीचे. बँकेच्या नोकरीत तरुणपणी लखनौला बदली झाली आणि इथेच राहिले. इथल्या महानगर नावाच्या वस्तीत त्यांचं छोटं दुमजली घर आहे, वरच्या मजल्यावर मी भाडेकरू. मी सांगलीची, विमा कंपनीत. आल्या आल्या पहिला गोंधळ झाला तो नावाचा. अख्खी गल्ली त्यांना 'पांडेजी' म्हणते. इथल्या लोकांना वाटतं, हे आपल्यातलेच कोणी पांडे, बलिया-बनारसकडचे. काकांनी सुरुवातीची काही वर्षं "पांडे नहीं, पांढरीपांडे" असं समजावून पाहिलं. तेव्हा लोक विचारायचे, "अच्छा, तो सफ़ेदवाले पांडे?" मग त्यांनी नाद सोडला.

गिटारचा मात्र सोडला नाही. काकांना स्वतःला गिटार येत नाही. घरात गिटार नाही. "शिकला का नाहीत?" असं मी एकदा विचारलं तर म्हणाले, "क्रिकेट पाहणारे सगळे बॅटिंग करतात का? कोणी तरी पाहणारा लागतो नं बापा!" त्यांचं काम पाहण्याचं. तेही प्रत्यक्ष. रेकॉर्डिंग त्यांना चालत नाही. मी एकदा मोठ्या हौसेनं फोनवर एका जगप्रसिद्ध गिटारवादकाचा व्हिडिओ लावून दिला. काकांनी फोन पालथा घातला.

"तू याला समोर पाहिलंस?"

"नाही."

"मी पण नाही. मग आपल्यासाठी तो अजून जन्मलाच नाही."

त्यांच्यासाठी जे जन्मले आहेत त्यांच्या गोष्टी मात्र ऐकाव्यात. एकदा सुट्टीत गावी गेले असताना अमरावतीच्या गणपतीत भर कार्यक्रमात लाइट गेली, इलेक्ट्रिक गिटार मुकी झाली. तर वादक मंचावरून उतरून लोकांच्या मधोमध खुर्ची टाकून बसला आणि कोणाची तरी साधी गिटार मागून घेऊन लाइट येईपर्यंत वाजवत राहिला. लाइट आली तेव्हा लोकांनीच ओरडून ती बंद करायला लावली. दुसरा एअरफोर्सच्या मेसमधला एक मिझो कॉर्पोरल. बोटाला पट्टी होती म्हणून ते एक बोट सोडून सगळं वाजवलं. हे सांगताना काका स्वतःची तर्जनी वर धरून उरलेली तीन बोटं हवेत नाचवतात, आणि समोरच्याचा चहा हमखास सांडतो.

काकू म्हणतात, "घरी समोर ठेवलेलं भांडं दिसत नाही यांना. तिथे कोणाची करंगळी कुठे गेली ते बरोब्बर दिसते."

कार्यक्रमात काकांची जागा ठरलेली. डावा हात नीट दिसेल अशी. "उजवा हात भाषण करते," ते म्हणतात, "डावा काम करते." एकदा गोमती नगरच्या एका मोठ्या हॉलमध्ये मुंबईचा नावाजलेला गिटारवादक येणार होता. काकांनी आयोजकांना फोन करकरून हव्या त्या बाजूची तीन तिकिटं मिळवली. पडदा उघडला, आणि तो गृहस्थ निघाला डावखुरा! गिटार उलटी धरलेली, सगळं 'काम' पलीकडच्या हाताला. काका ताडकन उठले आणि भर कार्यक्रमात अख्खी रांग तुडवत पलीकडे निघाले. कोणी विचारलं, "भाईसाहब, क्या हुआ?" की हे कुजबुजत होते, "कुछ नहीं भैया, कलाकार उल्टा है." काकूंनी पदर डोळ्यांपर्यंत ओढला आणि मी मध्यंतरापर्यंत काकांना ओळख दाखवली नाही.

आणि कार्यक्रम संपल्यावर निकाल. तो वादकाला तोंडावर दिला जातो. गोमती नगरमधल्या एका कॅफेत समीर नावाचा तरुण शनिवारी गिटार वाजवतो. चांगला वाजवतो, त्याची बोटं दिसेनाशी होतात इतक्या वेगानं. पहिल्याच दिवशी काकांनी त्याच्याजवळ जाऊन म्हटलं, "बेटा, तेज़ बजाते हो. अच्छा कब बजाओगे?"

मला वाटलं, आता भांडण. पण समीर हसला आणि पुढच्या आठवड्यात काका दारात दिसल्याबरोबर त्यानं वेग निम्म्यावर आणला. तेव्हापासून ते दोघं एकमेकांचा छळ करतात. समीर नवं काही बसवलं की यांना फोन करतो, हे जातात, ऐकतात आणि म्हणतात, "अभी नहीं." समीरला त्यांच्याकडून एकदा तरी 'वाह' ऐकायचं होतं.

"आपको कोई पसंद भी आता है, अंकल?" त्यानं एकदा वैतागून विचारलं.

"आता है. मसीहसाहब," काका म्हणाले. "हाथ क्या होता है, उनको देखोगे तो समझोगे."

मसीहसाहेब म्हणजे एका मिशनरी शाळेतले संगीताचे शिक्षक. जुन्या काळी एका हॉटेलच्या रेस्टॉरंटमध्ये शनिवारी संध्याकाळी गिटार वाजवत. ते हॉटेल कधीच बंद झालं, मसीहसाहेबांनीही कित्येक वर्षांत कुठे वाजवलं नव्हतं. त्यामुळे गेल्या डिसेंबरात, निशातगंजच्या बाजूला एका चर्चच्या आवारात नाताळच्या मेळ्यात ते वाजवणार आहेत असं कळलं, तेव्हा काकांचं काही खरं राहिलं नाही. कोट धोब्याकडे गेला. काकूंचे गुडघे दुखतात, त्या हल्ली कुठे जात नाहीत, पण त्याही तयार झाल्या. समीरला हुकूम सुटला, "चार बजे. टाइम पे."

आम्ही चौघं पहिल्या रांगेत बसलो. मुलांची गाणी झाली, केकचे स्टॉल गर्दीनं ओसंडत होते, आणि मग मसीहसाहेबांना दोन्हीकडून धरून मंचावर आणलं. सडपातळ, स्वच्छ दाढी केलेले, गळ्यात लाल मफलर. गिटार मांडीवर ठेवली तेव्हाच दिसलं, त्यांचा हात थरथरत होता.

पहिली चाल कशीबशी झाली. स्वर अर्धे लागत होते, काही लागतच नव्हते. मागे लोकांच्या गप्पा सुरू झाल्या. समीर खाली वाकून हळूच म्हणाला, "अंकल... यही थे?"

"सुनो," काका म्हणाले.

दुसरी चाल संथ होती. थोडी पुढे गेली आणि थांबली. मसीहसाहेबांनी पुन्हा तीच ओळ घेतली, पुन्हा त्याच जागी थांबले. पुढचं त्यांना आठवेना. ते आपल्या हाताकडे बघत राहिले, कोणा दुसऱ्याचा हात असावा तसे. गप्पाही बंद झाल्या. निवेदन करणारी बाई माइककडे सरकली.

तेवढ्यात काका उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. चाल तिथेच संपते, अशा थाटात. जोरात, हात डोक्याच्या वर नेऊन. "वाह! वाह, मसीहसाहब!" काकूही गुडघे सावरत उठल्या. मग मी. समीरनं क्षणभर आमच्याकडे पाहिलं आणि अशी शिट्टी घातली की मागची सगळी माणसं दचकून टाळ्यांत सामील झाली. मसीहसाहेब गोंधळले. मग त्यांना वाटलं असावं की खरंच संपली. त्यांनी मान झुकवली आणि हसले.

काका मंचापाशी गेले. मसीहसाहेबांचा तो थरथरणारा हात आपल्या दोन्ही हातांत धरून म्हणाले, "आज भी वही हाथ है, साहब. वही."

परतताना ई-रिक्षात, कपूरथला चौक आल्यावर समीर म्हणाला, "अंकल, मेरे लिए तो कभी वाह नहीं निकला."

काका बाहेर बघत होते. "तुम्हारे पास अभी टाइम है, बेटा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी खाली गेले तर काकू मटार सोलत होत्या. मीही सोलायला बसले. काल तुम्ही दोघं किती पटकन उभे राहिलात, असं काहीसं मी म्हटलं.

"आमची पहिली मुलगी इथे आल्या आल्याच गेली," काकू म्हणाल्या. "आठ महिन्यांची होती. इथे ओळख ना पाळख. मी बोलणंच सोडलं होतं. यांना काही सुचेना. मग हे मला शनिवारी त्या हॉटेलात घेऊन जायचे. एक कॉफी सांगायची नि बसायचं. तिथे हे मसीह वाजवायचे. त्यांनी कधी काही विचारलं नाही. पण मी आले की वाजवणं हळू व्हायचं त्यांचं. असे किती शनिवार गेले कोणास ठाऊक. एकदा परत येताना मीच यांना म्हटलं, पुढच्या शनिवारी येऊ नं परत? रिक्षातच रडले हे."

काकूंनी सोललेले दाणे ओंजळीनं भांड्यात टाकले. "त्याआधी यांना गिटार कोणती नि मेंडोलिन कोणतं, ते पण माहीत नव्हतं."

त्या मटारच्या करंज्या करत होत्या. मसीहसाहेबांसाठी. त्यांना चमचा धरता येत नाही, करंजी हातात घेऊन खाता येईल म्हणून. दुपारी काका कोट घालून बाहेर आले आणि डबा मागायला लागले.

"आज काहून? काल तर भेटलात," काकू म्हणाल्या.

"अर्धंच झालं होतं नं काल," काका म्हणाले. "बाकीचं त्यांच्या घरी बसून ऐकतो म्हटलं. आठवेल हळूहळू, घाई काय आहे."

काकूंनी डब्याचं झाकण लावलं. मग तो त्यांच्या हातात न देता स्वतःच्याच हातात धरला आणि म्हणाल्या, "थांबा जरा. मी साडी बदलून येते."