दापोऱ्याचा ठग

लीलाधर चौधरी सर ताटावर बसले होते आणि भाकरी गार होत चालली होती, कारण मोबाईलमधला टॉर्च त्यांना त्यांचा पत्ता विचारत होता.

“काहो, भाकर मोडा ना आता,” त्यांच्या पत्नी ज्योत्स्नाबाई म्हणाल्या.

“थांब. मले एक सांग, टॉर्चले माझा पत्ता कायले पाह्यजे? उजेड पाडायचा तं इथंच पाड ना!”

सर बऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यातल्या एका खासगी शाळेत गणित शिकवत आणि लोधीपुऱ्यात राहत. स्वभाव मुळातच चुळबुळा. कुलूप लावल्यावर ते ओढून बघणारे पुष्कळ असतात; सर गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन परत येत आणि पुन्हा ओढत. अशा माणसाच्या शाळेत मोबाईलच्या सुरक्षिततेवर व्याख्यान झालं, हीच खरी चूक म्हणायची. कोणत्या ॲपला कसली परवानगी दिली आहे ते सेटिंगमध्ये बघा आणि नको ती काढून टाका, एवढंच त्या व्याख्यात्याने सांगितलं. बाकीच्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, समोसा खाल्ला आणि ते विसरून गेले. सरांचा समोसा मात्र तसाच राहिला.

घरी येऊन त्यांनी परवानग्या काढायचा सपाटाच लावला. कॅल्क्युलेटर त्यांच्या फोटोंत डोकावत होता, त्याला हाकललं. पंचांगाला माईक लागत होता, तो काढला. नकाशाचं लोकेशन बंद केलं. शेवटी मुलगी रंजिता येऊन बघते तर काय, फोटो निघेना.

“पप्पा, कॅमेऱ्याचाच कॅमेरा काहून बंद केला?”

“त्याले वाटेल तेव्हा तो मले पाह्यत होता.”

“मग फोटो कसा निघेल? यार पप्पा, आप भी ना! थोडं पाहून तर बंद करा.”

एकाच ॲपला सरांनी हात लावला नाही. अनोळखी नंबरवरून फोन आला की तो कोणाचा आहे, त्याचं नाव हे ॲप पडद्यावर दाखवत असे. “तो आपला वॉचमन आहे,” सर म्हणाले. “वॉचमनलेच काढलं तं चोर कोण धरीन?” वॉचमन एवढ्या लोकांची नावं आणतो कुठून, हा प्रश्न गणिताच्या माणसाला पडायला हवा होता. पण नाही पडला.

सरांच्या जिवाला एवढा घोर लागण्याचं कारण वेगळंच होतं. रंजिताचं लग्न जुळलं होतं. दापोऱ्याच्या जीवनराव पाटलांचा मुलगा चेतन इंजिनियर होता, घरी केळीच्या बागा होत्या, माणसं गोड होती आणि मुख्य म्हणजे दोघांनीही एकमेकांना मनापासून पसंत केलं होतं. येत्या रविवारी पाटील मंडळी तारीख काढायला येणार होती. इतकं सगळं सुरळीत चाललेलं पाहून सरांना झोप येईनाशी झाली. कोणाची तरी दृष्ट लागणार, असं त्यांना सारखं वाटायचं.

त्यात कॉन्टॅक्टची पंचाईत झाली. निरोपांच्या ॲपची कॉन्टॅक्टची परवानगी त्यांनी काढली, तर सगळी नावं जाऊन नुसते नंबर उरले. सकाळी ‘सुप्रभात’ची फुलं कोणी पाठवली ते कळेना. परवानगी परत द्यावी, तर व्याख्यात्याने सांगितलेलं आठवायचं की ॲपवाले यादीच्या यादी उचलून नेतात. सर दोन्हीकडून अडकले. मग त्यांना तापीकाठची जुनी रीत आठवली. मूल जगत नसलं किंवा फारच देखणं निपजलं, की त्याचं नाव कडू, उखर्डू असं काहीतरी ठेवायचं. नाव ऐकूनच दृष्ट तोंड फिरवते.

“नेतील तं नेऊ दे यादी,” सर आनंदाने म्हणाले, “पण यादीत आपलं माणूस सापडायले पाह्यजे ना!”

आणि त्यांनी झाडून सगळी नावं बदलली. मुख्याध्यापक झाले ‘डुकरं पकडणारी गाडी’. ज्योत्स्नाबाई झाल्या ‘गॅस संपला’. माणूस जितकं जवळचं तितकं नाव वाईट, असा हिशेब होता. त्याच आठवड्यात जीवनरावांचा फोन मोटर बघताना विहिरीत पडला आणि त्यांनी नवा फोन, नवा नंबर घेतला. गावात कोणाला द्यायच्या आधी त्यांनी तो कौतुकाने होणाऱ्या व्याह्यांना कळवला. एवढ्या मोलाच्या माणसाला साधंसुधं नाव काय द्यायचं? सरांनी फोटो तेवढा जुनाच ठेवला आणि खूप विचार करून लिहिलं, ‘ठग दापोरा, उचलू नये’.

आता नाव बदलणं सोपं, पण बदललेलं लक्षात ठेवणं कठीण. दुसऱ्याच दिवशी सर आंघोळीहून येतात तो ‘डुकरं पकडणारी गाडी’चा फोन वाजत होता.

“अहो, आमच्या गल्लीत एकबी डुक्कर नाही!” सर ओरडले. “सकाळी सकाळी फोन कायले करता? तुमच्याच घरी पाहा एखादं!”

मुख्याध्यापकांनी फोन ठेवून दिला. त्या दिवशी सरांना शाळेत लागोपाठ सगळे तास मिळाले.

शनिवारी दुपारी पुन्हा फोन वाजला. सरांनी पडद्यावरचं नाव तेवढं वाचलं आणि फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ज्योत्स्नाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

“कोण आहे हो? उचला ना एकदा.”

“ठग आहे.”

“तुम्हाले काय माहीत?”

“लिहून येते ना! उचलू नये, असंबी लिहून येते. पाह्य, व्यवस्था किती चांगली आहे.” आणि सरांनी फोनचा आवाजच बंद करून टाकला. त्यांना बऱ्याच दिवसांनी जरा डुलकी लागली.

रविवारी सकाळी पाटील मंडळी आली. जीवनराव, चेतन आणि चेतनचे नव्वदीला टेकलेले आजोबा उखर्डूबाबा, ज्यांना घरचे आप्पा म्हणत. घरात मावा जिलबीचा वास दरवळत होता. ज्योत्स्नाबाईंनी नवी चादर घातली होती. पण जीवनरावांचा चेहरा कारल्यासारखा कडू होता. ते बसले आणि पाणीही न पिता म्हणाले, “सर, काल माझी इज्जत गेली.”

“काय झालं?”

“केळीची कटाई होती. माल कापून बांधावर ठेवला अन् गाडीसाठी कौतिकसेठले फोन लावला. उचलेना. दुसऱ्या गाडीवाल्याले लावला, तोबी उचलेना. कापलेले घड उन्हात, अन् मी वावरात बोंबलत फिरतो! शेवटी आपल्या कटाईच्या टोळीचा मुकादम आहे ना, कडू, त्याच्या फोनवर लावून पाह्यला. तं तो म्हणे, पाटील, हे पाहा तुमचं काय नाव येऊन राह्यलं.”

“काय येत होतं?” ज्योत्स्नाबाईंनी विचारलं.

“ठग! ठग दापोरा! सात पिढ्यांत आमच्या घरी कोणी ठग झाला नाही वहिनी, अन् फोन म्हणतो मी ठग! कडूच्या फोनवरून गाडी बोलावली तेव्हा दिवस मावळला होता. माल गाडीत चढला, पण टोळीची माणसं तोंडावर हसत होती. ज्यानं हे केलं ना, तो सापडला पाह्यजे मले. सर, तुम्हालेबी काल फोन लावले, तेबी लागले नाहीत.”

सरांना आठवलं. सगळं आठवलं. कालची ती डुलकीसुद्धा आठवली. त्यांचा मोबाईल समोरच्या तिपाईवर चार्जिंगला लावलेला होता आणि तिपाईला लागून उखर्डूबाबा बसले होते. एकदा फोन हातात आला असता तर ते नाव पुसायला असा कितीसा वेळ लागणार होता?

“नेटवर्कच नाही हो आमच्याकडं,” असं म्हणत सर उठले आणि तिपाईकडे सरकले. तेवढ्यात ज्योत्स्नाबाईंनी जिलबीची ताटली पुढे केली आणि त्यांना बसवलं. सर ताटली बाबांना द्यायच्या निमित्ताने पुन्हा उठले. बाबांनी ताटली घेतली, तिपाईवर ठेवली आणि फोन उचलून हातात घेतला.

“मास्तर, हिच्यात उजेडाची ब्याटरी कोठी लागते?”

“द्या, मी लावून देतो,” सर घाईने म्हणाले.

“राहू द्या. पाह्यतो मी.”

“सर, तुम्ही शिकलेले माणूस,” जीवनराव म्हणाले. “तुम्हीच शोधा तो कोण आहे ते. थांबा, तुम्हालेच फोन लावतो. काय येते ते डोळ्यांनी पाहा.”

“नको नको! कायले? माझा विश्वास आहे ना तुमच्यावर!”

पण जीवनरावांनी फोन लावला होता. बाबांच्या हातातला मोबाईल आवाज बंद असल्याने नुसताच थरथरला आणि उजळला. बाबांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांचा चेहरा खुलला.

“अरे, हा तं आपला जीवन! फेटा बांधलेला! काय झकास फोटो आला रे!”

चेतन कौतुकाने वाकला आणि थबकला. मग त्याने हळू आवाजात वाचलं, “ठग दापोरा, उचलू नये.”

“पाह्यलं?” जीवनराव उसळले. “यांच्याकडंबी तेच! सगळ्या बऱ्हाणपुरात झालं का हे?”

क्षणभर सरांना वाटलं, वाचलो. नुसतं गप्प बसायचं आणि मान हलवायची. पण चेतन इंजिनियर होता आणि इंजिनियर जावई करायची हौस सरांचीच होती.

“बाबा, अनोळखी नंबरवर असा फोटो नाही येत,” तो अवघडून वडिलांना म्हणाला. “हा बघण्याच्या दिवशीचा फोटो आहे. मतलब, नाव यांनीच सेव्ह केलेलं आहे. आणि ते नाव दाखवणारं ॲप लोकांच्या फोनमधूनच नावं उचलतं. तुमचा नवा नंबर सगळ्यात पहिले कोणाला दिला होता?”

कुंपणच शेत खातं म्हणतात ते असं. ज्या वॉचमनला सरांनी सगळ्या परवानग्या देऊन दारात उभं केलं होतं, त्यानेच व्याह्यांचं नाव गावभर वाटलं होतं. रंजिता उतरलेल्या चेहऱ्याने स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

“चला आप्पा,” जीवनराव उठले. “इथं आपलं काय नाव आहे ते समजलं.”

“जीवनराव, ऐका तरी!” सर हात जोडून उभे राहिले. “लग्न जुळलं तेव्हापासून मले झोप नाही हो. इतकी चांगली माणसं मिळाली, कोणाची नजर लागली तर? म्हणून वाईट नाव ठेवलं. सगळ्यांनाच ठेवलं. तुम्ही जास्त जवळचे, म्हणून तुम्हाले जास्त वाईट. चुकलं माझं. पण मनात तसं काही नव्हतं.”

“मनात नव्हतं तं फोनात कसं आलं?”

“बस रे जीवन,” उखर्डूबाबा म्हणाले.

“आप्पा, तुम्हाले समजून नाही राह्यलं...”

“मले उखर्डू काहून म्हणतात, समजते का तुले? माझ्याआधी मायची लेकरं गेली. मी झालो तं तिनं मले सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, अन् शेजारणीनं उचलून आणलं. कोणी म्हणलं का, बाईनं पोराची इज्जत घेतली?” जीवनराव अजून उभेच होते. बाबा सरांकडे वळले. “मास्तर, आमच्या चेतनले काय नाव ठेवलं?”

सरांना हायसं वाटलं. निदान इथे तरी त्यांची बाजू साफ होती. “त्यांचं चांगलं ठेवलंय, आप्पा. जावयाले वाईट नाव द्यायले हात धजला नाही. ‘चेतनराव, आमचे जावई, इंजिनियर’.”

बाबांनी काठी दणकन जमिनीवर आपटली. “बापाले झाकलं अन् पोरगं उघड्यावर टाकलं? ज्याचं लगीन त्यालेच नजर लागू देता का? असा कसा सासरा तू?”

सर गांगरले. जीवनरावांनी मुलाकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि हळूच टेकले. “आप्पांचं बरोबर आहे,” ते म्हणाले. “पोराचं काहीतरी करा. ‘नापास’ ठेवा.”

“बाबा, मैं फर्स्ट क्लास हूं!”

“म्हणूनच तं.”

“ ‘सडका घड’ कसं वाटते?” ज्योत्स्नाबाईंनी भीत भीत सुचवलं. जीवनरावांना ते आवडलं आणि त्यांनी पहिली जिलबी उचलली. चेतनने मात्र आधी फोन मागून घेतला, वॉचमनच्या सगळ्या परवानग्या काढल्या, ते ॲपच उडवून टाकलं आणि मगच स्वतःच्या हाताने ‘सडका घड’ असं टाइप केलं. कौतिकसेठला सरांनी स्वतः जाऊन सांगायचं, असंही ठरलं. मग पंचांग काढलं. मार्गशीर्षातली तारीख बरी का वैशाखातली, यावर दोन्ही घरं खाली वाकली.

“अन् पोरी,” बाबांनी मध्येच विचारलं, “तुझ्या फोनात काय नाव आहे याचं?”

“आहे एक,” रंजिता म्हणाली.

“चांगलं का वाईट?”

“दाखव बरं,” सर म्हणाले.

“नाही पप्पा. ते माझं पर्सनल आहे.”

चेतनने खिशातला फोन काढून बटण दाबलं. रंजिताच्या हातातला फोन वाजायला लागला. तिने पडदा पाहिला, ती कानापर्यंत लाल झाली आणि फोन छातीशी धरून आत पळाली. आत बराच वेळ तो वाजत राहिला. चेतन जमिनीकडे बघत हसत होता आणि सर अस्वस्थ होऊन स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन परत आले.

“मास्तर, बसा खाली,” उखर्डूबाबा म्हणाले. “अन् वैशाखाचं सोडा. जवळची तारीख काढा.”