सुभेदार नाथाजीरावांनी कंडेन्सर पालटिला त्याची हकीकत

श्री. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, वैशाख मासी, कसबे कडेगाव येथील सुभेदार नाथाजीराव यांणी आपले मोटारीचे शीतयंत्र, जयास प्रजाजन एसी म्हणतात, ते स्वहस्ते खोलून, मोडका भाग काढून, नवा बसवून, लेक माहेरी सुखरूप आणिली, ती हकीकत अथपासून इतिपर्यंत लिहून ठेवावी ऐसे मनी आले. ज्यांणी पाहिले त्यांचे मुखे ऐकिले आणि मग लिहिले. पदरचे काही घातले नाही. जेथे सुभेदारांचे सांगणे आणि त्यांचे कुटुंब राहीबाईसाहेब यांचे सांगणे यांत तफावत पडली, तेथे राहीबाईसाहेबांचे प्रमाण मानिले.

नाथाजीराव हे नुसते नावाचे सुभेदार नव्हेत. अठ्ठावीस वर्षे सरकारी फौजेत, गाड्या दुरुस्त करणारे पथकात चाकरी केली, आणि लेहचे बर्फात गोठलेले ट्रक चालते केले, आणि सुभेदारीचा हुद्दा मिळविला, आणि मग पेन्शन घेऊन गावी येऊन उसाचे शेतीत लक्ष घालिते जाहले. वय साठीस दोन कमी. मिशी भरदार, आवाज परेडीचा. गावात कोणाची मोटार अडली की लोक आधी सुभेदारांकडे येत. परंतु फौजेचे ट्रकास शीतयंत्र नसते, सबब इतके वर्षांत एकाही शीतयंत्रास त्यांचा हात लागला नव्हता, ही गोष्ट त्यांणी कोणास कळो दिली नाही.

त्यांचे पदरी अकरा वर्षांची एक पांढरी मोटार होती. फाल्गुनात उसाचे ट्रॉलीमागून जाता एक खडा उडोन मोटारीचे तोंडावर बसला. तेव्हा कोणी मनावर घेतले नाही. पुढे ऊन वाढले आणि एसी लाविला तो आतून चुलीपुढे बसावे तैसा वारा येऊ लागला. सुभेदारांनी काचा खाली केल्या आणि बाहेरचा वारा आरोग्यास बरा असतो ऐसे फर्माविले. राहीबाईसाहेबांनी पदराने तोंड पुसले.

ऐसे असता वैशाख शुद्ध प्रतिपदेस, सोमवारी, जतेहून फोन आला. त्यांची एकुलती कन्या शिवांजली जतेस दिलेली, तीस आठवा महिना लागला होता. पहिले बाळंतपण माहेरी करावे हे आधीच ठरले होते आणि शुक्रवारी तीस आणावयास जावे हेही ठरले होते. परंतु डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले की पोरीचा रक्तदाब वाढला आहे, ऊन लागता कामा नये, प्रवास थंडाव्यात करावा, न जमल्यास करूच नये. शुक्रवार टळल्यावर तर मुळीच हलवू देणार नाही. हे वर्तमान देऊन व्याही सिद्धूअण्णा, जे मेंढरांचे मोठे मालक आणि बोलण्यात रोखठोक, त्यांणी पुढे निर्वाणीचे सांगितले.

“सुभेदार, पोरगी तुमचीच हाय, न्या की. पर तुमच्या गाडीचा एसी बंद हाय म्हनं. हितं बेचाळीस डिग्री ऊन हाय. तापल्या डब्यात मी सुनंला बसवनार न्हाई. एसी असंल तर या, नसंल तर हितंच बाळंत हुईल. आमी काय परकं हाय व्हय?”

भाड्याची मोटार करावी ऐसे राहीबाईसाहेबांनी सुचविले. सुभेदार म्हणाले की आपली मोटार दारात उभी असता लेक परक्याचे मोटारीत बसून येणार नाही. त्यावर राहीबाईसाहेब आत गेल्या आणि माळ्यावरून पाळणा काढून, धुवून, उन्हात ठेवून आल्या. सुभेदार त्या पाळण्याभोवती दोनदा फिरून मोटारीपाशी गेले.

मंगळवारी प्रातःकाळी मोटार घेऊन कराडास गेले. तेथील एक नामांकित गॅरेजवाले यांणी मोटारीचे तोंडही न उघडता हुकूम केला की ठेवून जावा, पुढच्या बुधवारी बघू. सुभेदारांनी शुक्रवारची अडचण सांगितली. गॅरेजवाल्यांनी मागे उभ्या असलेल्या चौदा मोटारी दाखविल्या. मग सुभेदार माघारे फिरले, आणि घरी येताच बाही वर करून जाहीर केले की ही मोहीम खासे आम्ही करणार.

प्रथम टेहळणी केली. मोटारीचे पुढील जाळीतून बॅटरीचा उजेड टाकिला तो आत रेडिएटरचे पुढे जो दुसरा जाळीदार पत्रा असतो, ज्याचे नाव कंडेन्सर, त्याचे डावे अंगास तळहाताएवढा तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली. तेथेच खडा लागून भोक पडले होते, आणि गार करणारा गॅस समूळ निघोन गेला होता. शत्रू सापडला. तेव्हा सुभेदारांनी तासगावचे अजितकुमार यांस फोन केला. हे अजितकुमार जैन गृहस्थ, बेदाण्याचे शीतगृहाची यंत्रे राखणारे, मोटारीचेही गॅस भरणारे, स्वभावे सौम्य आणि कामाविषयी कठोर. त्यांणी कळविले की गुरुवारी पंप आणि दाब मोजण्याची घड्याळे घेऊन येतो, तोवर कंडेन्सर तुम्ही बदला, त्याजबरोबर ओल शोषणारी ड्रायरची बाटली बदला, आणि पाइपांचे सांध्यांतील रबरी रिंगा नव्या घाला. एक गोष्ट निक्षून सांगितली.

“सुभेदारसाहेब, रिंगा तेलात बुडवून घाला आणि नीट बसल्या का ते डोळ्यांनी बघा. लय नाजूक काम आहे. जोर लावायचं काम नव्हे.”

सुभेदारांनी आज्ञा ऐकिली आणि शेवटचे वाक्य सोडून दिले.

त्याच दिवशी एसटीने सांगलीस दाखल जाहले, आणि तीन दुकाने धुंडिली, आणि आपले मोटारीचा बरोबर कंडेन्सर, ड्रायरची बाटली आणि रिंगांची पुडी मिळविली. परत येता एसटीत गर्दी दाटली. कंडेन्सर पुठ्ठ्यात गुंडाळून मांडीवर आडवा घेतला, त्यावर दोन्ही हात पसरून बसले. शेजारचे बाईने बाजाराची पिशवी त्यावर टेकविली तेव्हा सुभेदार उभे राहिले, आणि विट्यापर्यंत कंडेन्सर छातीशी धरून उभेच आले.

बुधवारी अक्षय्य तृतीया. घरात आमरस-पुरणपोळीचा बेत, आणि दारी सपरात सुभेदारांनी सतरंजी अंथरून हत्यारे मांडिली. बॅटरीची तार सोडविली. मग पुढील बंपरास हात घातला. वरचे बोल्ट सुटले, खालचे सुटले, परंतु कडेच्या प्लास्टिकच्या क्लिपा हटून बसल्या. पहिल्या चारांस समजावून काढिले. पाचवी बोलेना. सुभेदारांनी बळ केले, क्लिप तुटून पाण्याचे हौदात पडली आणि बंपर सुभेदारांचे अंगावर आला. दुपारपर्यंत बंपर, भोंगा आणि पट्ट्या ऐसे सर्व काढून मोटार विद्रूप करून सोडिली. मग मोडका कंडेन्सर बाहेर आला, आणि नवा, ड्रायरचे बाटलीसह, त्याचे जागी बसला.

राहीबाईसाहेब जेवणास बोलवावयास आल्या तो सुभेदार पाइपाचे तोंडी रिंग बसवीत होते. त्या रिंगा करंगळीचे नखाएवढ्या. सुभेदार ती हातभर लांब धरून मान मागे नेऊन पाहात होते.

“आवं, चष्मा घाला की. दिसतंय का तरी?”

“अठ्ठावीस वर्षं केलंय ह्ये. हाताला कळतंय सगळं.”

पोळ्या गार होतात इतुके सांगून राहीबाईसाहेब आत गेल्या. सुभेदारांनी पोळ्यांचे घाईने रिंग तेलात बुडविली न बुडविली ऐसी करून घातली, आणि पाना घेऊन ऐसी आवळली की हाताची शीर उठली.

गुरुवारी दहा वाजता अजितकुमार पंप, गॅसचा डबा आणि दोन काट्यांची घड्याळे घेऊन दाखल जाहले. नळ्या जोडिल्या. पंप सुरू केला. या पंपाचे काम ऐसे की आतील हवा आणि ओल ओढून यंत्र रिते करावे. आणि मग पंप बंद करून काटा पाहावा. काटा स्थिर राहिला तर सांधे पक्के. वर चढला तर कोठे तरी हवा शिरते, मग गॅस भरणे व्यर्थ. अर्धा तास पंप चालला. बंद केला. सर्वांनी काट्याकडे दृष्टी लाविली. काटा थरथरला, आणि मग हळूहळू वर चढू लागला.

सुभेदारांनी घड्याळावर टिचकी मारिली. काटा चढत राहिला.

अजितकुमार म्हणाले, “सांध्यातनं हवा घेतंय. मला शीतगृहात जायलाच पाहिजे, तिथं मशीन बंद पडलंय. पाच वाजता येतो. तेवढ्यात सापडलं तर आज गॅस भरू. नाहीतर मग शनिवारी.”

शनिवार या शब्दाने सुभेदारांचे तोंड उतरले. अजितकुमार गेल्यावर त्यांणी सर्व सांधे पुनः आवळले. सापडले काही नाही. दोन वाजता ऊन ऐसे पडले की सपराचा पत्रा वाजू लागला. सुभेदार पालथ्या घमेल्यावर बसले. खिशातून फोन काढिला, जतेचा नंबर लाविला, घंटी वाजण्याआधी बंद केला. पुनः लाविला, पुनः बंद केला. फौजेत बारा ट्रकांची रांग घाटात अडली असता जे मन डगमगले नाही, ते रबराचे एका कड्याने खचले. आपले हात म्हातारे जाहले, हा विचार प्रथमच आला आणि बसूनच राहिला.

राहीबाईसाहेब ताक घेऊन आल्या. तांब्या ठेविला. त्यांचे नाकावर भरतकामाचा चष्मा तैसाच होता. त्या वाकल्या, बॅटरी घेतली, एकेक सांधा पाहू लागल्या.

“हा सोडा बघू जरा.”

“त्यो मी आवळलाय पक्का.”

“म्हनून म्हनतीया, सोडा.”

सुभेदारांनी सांधा सोडविला. राहीबाईसाहेबांनी सुईचे टोकाने रिंग बाहेर काढिली आणि तळहातावर ठेविली. रिंग एका अंगास दुमडून, चिरडून, केसाएवढी चिरली होती. सुभेदारांनी हात लांब नेला, मग जवळ आणिला. त्यांस ते काळे कडे अखंडच दिसले.

“मला तर चीर दिसंना गं,” सुभेदार म्हणाले. हे वाक्य त्यांणी अत्यंत हलके आवाजात म्हटले, आणि राहीबाईसाहेब सांगतात की लग्नास तेहतीस वर्षे जाहली, ऐसा आवाज कधी ऐकिला नव्हता.

राहीबाईसाहेबांनी आपला चष्मा काढिला, पदराने पुसला, आणि धन्याचे कानांवर स्वहस्ते चढविला. चौकट जांभळी, काड्यांवर फुले. सुभेदारांनी तळहातावर पाहिले. चीर दिसली. तळहातावरील रेषाही दिसल्या, बऱ्याच दिवसांनी.

“कुनाला सांगू नगंस.”

“सांगती व्हय मी? ताक प्या आदी.”

(त्यांणी सांगितले, म्हणून येथे लिहिले.)

मग दोघांनी मिळून सर्व सांधे सोडिले. राहीबाईसाहेब नवी रिंग तेलात बुडवून देत, सुभेदार जांभळ्या चष्म्यातून पाहून बसवीत, आणि पान्यास बेताचाच जोर देत. आणखी एक रिंग वाकडी निघाली, तीही बदलली. पाच वाजता अजितकुमार आले. सुभेदारांचे डोळ्यांवरील चष्म्याकडे त्यांणी एकदा पाहिले आणि पंपाकडे वळले. पंप तासभर चालला. बंद केला. काटा जेथे होता तेथे राहिला. पाच मिनिटे गेली, दहा गेली, अर्धा तास गेला, काटा हलला नाही. मग गॅस तोलून भरिला, बॅटरीची तार जोडून इंजिन सुरू केले, एसीची कळ फिरविली. पहिला झोत उष्ण आला, दुसरा कोमट, आणि मग ऐसा गार आला की अजितकुमारांचे थर्मामीटराने सात अंश दाखविले. राहीबाईसाहेब पुढील आसनावर बसल्या, दार लावून घेतले, आणि डोळे मिटून पुष्कळ वेळ बसल्या. त्यांस कोणी उठविले नाही.

त्याच रात्री बंपर, भोंगा आणि पट्ट्या पुनः जागी चढविल्या. शुक्रवारी, वैशाख शुद्ध पंचमीस, भल्या सकाळी कूच करून विटे, तासगाव, कवठे महांकाळ ऐसे दरमजल करीत साडेनवास जतेस पोहोचले. ओटी भरणे आणि जेवणे होता होता बारा वाजले. निघतेसमयी सिद्धूअण्णा म्हणाले की आधी आपण पाहू. ते मोटारीत बसले, काचा लाविल्या, एसी सुरू करविला. पाच मिनिटे जाहली, बाहेर येईनात. दहा जाहली. मग काच चार बोटे खाली जाहली आणि आतून विहीणबाईंस हाक आली, “अंजना, ये की जरा, बस हितं.” दोघे मिळून पाव तास बसली. बाहेर आल्यावर सिद्धूअण्णांनी फेटा सारखा केला आणि सुभेदारांचे हातात हात दिला.

“न्या पोरीला. आमचंच चुकलं म्हना.”

“न्हाई, अण्णा. तुमी म्हनाला म्हनून झालं.”

मग शिवांजलीस मागील आसनावर, उशा देऊन, मातोश्रींचे मांडीशी बसविले आणि मोटार निघाली. बाहेर रस्ता तापून हालत होता, बाभळीखाली मेंढरे एकमेकांचे सावलीत माना घालून उभी होती. सुभेदार आरशातून कन्येकडे पाहात, पुनः रस्त्याकडे पाहात. कन्या आधी बोलत होती, मग गप्प जाहली, मग तिचा डोळा लागला. कवठे महांकाळाचे अलीकडे, दीड वाजता, ती जागी जाहली, दोन्ही दंड चोळले, आणि म्हणाली, “बाबा, एसी जरा कमी करा की. गार लागाय लागलंय.”

सुभेदारांस ते स्पष्ट ऐकू आले होते. तरी त्यांणी मान किंचित वळवून विचारिले, “काय म्हनलीस, बाळ?”

“गारठले म्हनलं मी!”

येणेप्रमाणे वैशाख शुद्ध पंचमी, भृगुवासरी, दोन प्रहर टळता, जत परगण्याचे रणरणत्या उन्हात, सुभेदार नाथाजीरावांची कन्या गारठली. ही मोहीम फत्ते जाहली. सुभेदारांनी एसीची कळ एक घर खाली केली, आणि मोटार माहेरचे वाटेस चालती ठेविली.