भिंतीवरचा नळ

ज्या शहराच्या भिंती बोलतात, त्या शहरातल्या माणसांना फारसे बोलावे लागत नाही. हे पटल्यामुळेच १९७९ साली नाशकात नागरी भित्तिशोभा समिती स्थापन झाली आणि मी तिचा चिटणीस झालो.

समितीचे पहिले तत्त्व लोकसहभाग. (भिंत लोकांची, रंग समितीचा.) द्वारका चौकामागच्या वीटभट्टी वस्तीत आम्ही रीतसर पाहणी केली : भिंतीवर काय काढावे? साठ टक्के बायकांनी ‘नळ’ असे उत्तर दिले. उरलेल्या चाळीस टक्के पाणी आणायला गेल्या होत्या.

लोकमताचा मान राखून रावजी पेंटरांनी पाराजवळच्या भिंतीवर पितळी नळ काढला. खाली घोषवाक्य : ‘पाणी जपून वापरा.’ नळाचा थेंब इतका हुबेहूब, की एक कावळा दोनदा येऊन गेला.

वस्तीतल्या कुसाबाई रोज द्वारका चौकातल्या ट्रकांमधून वाट काढत एका गॅरेजमधून पाणी आणत. मागच्या पावसाळ्यात पायावरून हातगाडी गेली, तेव्हापासून वस्तीत नळ हवा, हा त्यांचा एकच धोशा. त्यांनी चित्रासमोर आपला हंडा मांडला.

“अहो बाई, नळ रंगवलेला आहे,” मी समजावले.

“दिसतंय की मला. आज रंगवला, उद्या बसवतील. नंबर लावून ठेवलेला बरा, नाय का?”

दुपारपर्यंत रांग पारापलीकडे गेली. हंडे, कळशा, डबे. भांडे शिल्लक नसलेल्यांच्या विटा. नंबरावरून दोन भांडणेही झाली. आम्ही भारावून फोटो काढला.

त्याच आठवड्यात, नवे नळ कुठे द्यायचे ते ठरवणारे ओव्हरसियर जीपमधून आले. चिखल असल्यामुळे उतरले नाहीत. उतरायची गरजही नव्हती. एवढी रांग आणि एवढी भांडणे, म्हणजे नळ असणारच. वस्तीच्या वाट्याचा नळ त्यांनी एका नव्या कॉलनीच्या बागेला दिला.

कुसाबाई जीपमागे लंगडत धावल्या. “साहेब, हात लावून बघा वो, भिंत हाय ती!” साहेबांनीही हात हलवला. मला फार वाईट वाटले. त्या धावपळीत रांग विस्कटली.

फोटोला प्रदर्शनात पहिले बक्षीस मिळाले. आपणही आला होतात, ‘अगदी खरा वाटतो’ म्हणालात. आक्षेप एकच आला, कुसाबाईंचा : “ते वाक्य आमच्यात कशाला? नळ हाय तिथं लिवा.”

समितीला तो रास्त वाटला. रावजी पेंटर उद्या आपल्या कॉलनीत येत आहेत. तोवर बागेतला नवा नळ तेवढा बंद करा. मघापासून वाहतो आहे.