कॉम्प्युटरच्या वर्गातले ढोकेकाका

ढोकेकाका कॉम्प्युटरसमोर बसण्याआधी पेन्सिलीला टोक काढत. त्या पेन्सिलीचं तिथे काहीही काम नव्हतं. टोक मनासारखं झालं की ती कानावर जायची, मगच यंत्राला हात.

आमच्या ऑफिसात ते जुने ड्राफ्ट्समन, मी नवखा. नकाशे कॉम्प्युटरवर काढायचं ठरलं तेव्हा साहेबांनी मला धरमपेठेतल्या वर्गाला धाडलं. काकांना कुणीच धाडलं नव्हतं. रिटायर व्हायला दोनच वर्षं उरलेली. तरी ते पहिल्या बाकावर हजर.

"काका, तुम्ही इथे?"

"काहून? मले शिकता येत नाही का गा?"

पहिल्याच दिवशी मॅडमनी पडद्यावर रेघ काढली. काकांनी पुढे वाकून फुंकर मारली. खोडरबराचा चुरा उडवायची सवय! वर्ग हसला. काका गंभीर.

"रेघ बरी हाय मॅडम, पण हिले वजन नाही."

यंत्राशी त्यांचं रोज वाजायचं. त्यानं हुकूम नाकारला की म्हणायचे, "काय बे, मी नोकर हाव का तुहा?" एकदा ते ठप्प झालं तर काकांनी आम्हालाच गप्प केलं. "आराम करून राहिलं थे. सकाळपासून राबते बिचारं."

शेवटच्या आठवड्यात प्रत्येकानं आवडीचा नकाशा काढायचा होता. मी दोन गाड्यांच्या पोर्चसकट बंगला काढला. काकांनी फक्त स्वयंपाकघर काढलं.

मॅडम म्हणाल्या, "काका, उंची चुकली. ओटा पावणेतीन फूट असतो, तुम्ही सव्वादोन घेतलाय. आणि खाली सगळं पोकळ?"

"चूक नाही मॅडम. तिथं खुर्चीचे चाकं जातेत."

काकूंना धंतोलीच्या दवाखान्यातून घरी आणून वर्ष झालं होतं. ऑफिसात कुणालाच पत्ता नव्हता.

"मी सैपाक केला तं खात नाही ती. म्हणते, मले माहा ओटा द्या. दर डाव नकाशा पाहते अन् म्हणते, अजून जरासा खाली. खोडू खोडू कागद फाटले. इथं आकडा बदलला का झालं."

मॅडम खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसल्या. "खुर्ची वळायला किती जागा लागते, काका?"

"पाच फूट. अन् खिडकी बी खाली घेऊन टाकू. बसल्या बसल्या रस्ता दिसन. मी ऑफिसात गेलो का दिवसभर बोलाले कोणी नसते तिले."

आणि काकांनी स्वतःच खिडकी फूटभर खाली आणली.