मुरारीला घरी आणायचंय

आमचे घरमालक तुकोजीराव मोहिते संध्याकाळी साडेपाच वाजले की जिथे असतील तिथून उठतात. मग ते लग्न असो, मयत असो की सलून. एकदा अर्ध्या गालाला साबण लावलेल्या अवस्थेत ते लगबगीने घरी येताना मी पाहिले. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "स्वल्प घाई आहे, मृणालम्मा. मुरारीला ऑफिसातनं घरी आणायचंय."

मी आणि माझा नवरा निखिल चामराजपेटातल्या त्यांच्या घरी वरच्या मजल्यावर नवीनच राहायला आलो होतो. मला वाटलं, मुरारी हा त्यांचा मुलगा असावा आणि बिचाऱ्याला एकट्याने घरी येता येत नसावं. मी फार हळहळले. एके दिवशी धीर करून त्यांच्या बायकोला, पद्माक्कांना, आवाज शक्य तितका मऊ करून विचारलं, "मुरारी बरे आहेत ना आता?"

"त्याला काय धाड भरलीय," अक्का म्हणाल्या. "तो बघ, पाटीत बसलाय."

पाटी म्हणजे टॅब. म्हैसूरच्या मुलीने आईवडिलांचं तोंड रोज दिसावं म्हणून तो पाठवला होता. सुट्टीत आलेल्या नातीने त्यात एक खेळ टाकून दिला. खेळ म्हणजे एक घर, त्यात एक माणूस, त्याची बायको आणि त्याची नोकरी. माणसाला भूक लागते, झोप येते, कंटाळा येतो. त्या सगळ्याच्या पट्ट्या वर दिसतात, हिरव्या असल्या की बरं, लाल झाल्या की वाईट. खेळातलं घड्याळ आपल्याच घड्याळाबरोबर चालतं. साडेपाचला ऑफिस सुटलं की माणसाला बोटाने हलवून घरी आणावं लागतं, नाहीतर तो तिथेच बसून राहतो. हा माणूस म्हणजे मुरारी. बायकोचं नाव सुलोचना. नात गेली, मुरारी राहिला.

तुकोजी अण्णांचं घराणं इथे किती पिढ्यांपासून आहे हे त्यांनाही सांगता येत नाही. त्यांच्या मराठीत 'जरा'ला 'स्वल्प' आणि 'बरं'ला 'सरी' हे इतके मुरलेत, की ते शब्द कानडी आहेत असं म्हटलं तर त्यांना राग येतो. उभा जन्म त्यांनी एका यंत्रांच्या कारखान्यात काढला. पहिली पाळी संपली की दुसरीला थांबायचं, रविवारी बोलावलं तर जायचं, बोलावलं नाही तरी एक चक्कर मारायची. लग्नाची रजा उरली होती म्हणून परत केलेला हा माणूस. मुरारीच्या बाबतीत मात्र त्यांनी कडक शिस्त ठेवली होती.

"वेळेवर सुटला तर वेळेवर जेवतोय. वेळेवर जेवला तर बायकोशी दोन शब्द बोलतोय. आयतु, संपलं. संसार म्हणजे आणखी काय असतंय?" असं ते मला जिन्यात अडवून सांगत. मी हातात लॅपटॉप, कानात मीटिंग, अशी मान डोलवत असे.

एका रविवारी मुरारीला साहेबाचा फोन आला. अण्णांनी त्याच्या घराचं पुढचं दारच काढून विकून टाकलं.

"आता कुठनं जातो बघू," ते म्हणाले.

"अण्णा, सुलोचनाला बाजारात जायचं असेल तर?"

"सोमवारी नवीन दार बसवतो की."

आमच्या सर्जापूर रोडवरच्या ऑफिसात असा माणूस नव्हता. आमच्याकडे त्याऐवजी काम आणि घर यांचा समतोल कसा साधावा यावर ऑनलाइन व्याख्यान असे, शनिवारी सकाळी, हजेरी सक्तीची. पुण्याची एक बाई "स्वतःसाठी वेळ काढा" असं सांगत होती आणि मी ते ऐकत दुसऱ्या खिडकीत सोमवारचा रिपोर्ट करत होते. शेजारच्या खोलीत निखिलचं स्वतःचं असंच व्याख्यान चालू होतं. चहा हवा का, हे तो मला मेसेज करून विचारत होता. अण्णा पाण्याच्या टाकीचं बघायला वर आले होते. ते माझ्या मागे उभं राहून जरा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, "त्या बाईला विचारा, तिला आज सुट्टी नाही का."

मग मुरारीला बढती मिळाली.

तशी ती नाकारायची सोय होती. पण समोर बढती आली आणि अण्णांच्या अंगातला कारखाना जागा झाला. "सुपरवायझर होतोय पोरगा. नाही कोण म्हणतंय?" मुरारी सूट घालू लागला. साडेपाचचे सात झाले, कधी आठ. घरात मोठा सोफा आला, भिंतीवर चित्रं आली. अण्णा लग्नात पूर्ण पंगत होईपर्यंत बसू लागले. अक्का मला म्हणाल्या, "बरं झालं. त्या मेल्याच्या बढतीमुळे यांना साबण तरी पुसायला वेळ मिळतोय."

पंधरवडाही झाला नसेल. एका दुपारी मी घरूनच काम करत होते, तर अण्णा वर आले. चपला न काढता दारातच उभे राहिले. चेहरा उतरलेला.

"सुलोचना बोलत नाही," ते म्हणाले. "मुरारी आला की ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. पट्टी लाल झालीय."

मी टॅब हातात घेतला. सुलोचनावर बोट ठेवलं की काय काय करता येतं ते दिसतं. मी वाचून दाखवलं. कौतुक करा. विनोद सांगा. शेजारी बसा. दिवस कसा गेला विचारा.

"दिवस कसा गेला," अण्णा म्हणाले. "हे विचारायचं असतंय?"

"हो, अण्णा."

"तिचा दिवस तर घरातच गेला. त्यात काय विचारायचं?"

ते जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. टॅब मांडीवर पालथा ठेवला.

"मृणालम्मा, नोकरी सुटून वर्षं झाली," ते म्हणाले. "पण घरात कुठं बसायचं ते मला अजून कळत नाही. बाहेरच्या खोलीत बसलो की तिथं पाहुण्यासारखं वाटतंय. स्वयंपाकघरात गेलो की पद्मा विचारते, काय पाहिजे? काही नको असतंय. नुसतं बसायचं असतंय. पण तसं सांगायला लाज वाटते. मग मी पाणी मागतो. पाणी पितो आणि परत येतो." मग म्हणाले, "दिवसात किती पाणी प्यायचं माणसानं."

खालून अक्कांनी हाक मारली तसे ते उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच अक्का वर आल्या. अक्का जिना चढत नाहीत, गुडघे दुखतात. मी घाबरून खुर्ची पुढे केली.

"अगं, ओळखीचा डॉक्टर आहे का कुणी?" त्या दम खात म्हणाल्या. "यांचं काहीतरी बिघडलंय. काल संध्याकाळी स्वयंपाकघरात आले आणि मला विचारतात, दिवस कसा गेला."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, घरातच तर होते, दिसले नाही का. तर म्हणाले, सरी. आणि पाणी पिऊन गेले." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "आज सकाळी परत विचारलं. सकाळी, बघ की. दिवस अजून सुरू नाही झाला."

"अक्का, डॉक्टर नको. आता विचारलं तर सांगून बघा."

"काय सांगू?"

"कसा गेला ते."

"इतक्या वर्षांचं साठलंय," त्या म्हणाल्या, "कुठनं सुरू करू?" आणि कठड्याला धरून हळूहळू उतरून गेल्या.

त्या आठवड्यात माझं ऑफिसात जाणं-येणं इतकं चाललं होतं, की खालच्या मजल्यावर काय चाललंय ते मला कळलं नाही. शनिवारी दुपारी मी घरभाड्याच्या पावतीवर सही हवी म्हणून खाली गेले. पुढचं दार उघडंच होतं. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं. स्वयंपाकघरातून अक्कांचा आवाज येत होता.

दोघं जमिनीवर बसली होती. मध्ये वर्तमानपत्र, त्यावर अवरेकायीच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांचा ढीग. अण्णा शेंगा सोलत होते. त्यांना ते अजिबात जमत नव्हतं, निम्मे दाणे टरफलात जात होते, आणि अक्का ते बोलता बोलता वेचून काढत होत्या. मुलगी लहान असताना गोवराने फणफणली होती, तेव्हाचं सांगत होत्या. रिक्षा मिळेना, मग पोरीला खांद्यावर टाकून त्या एकट्याच बाजारापर्यंत चालत गेल्या, तिथे शेजारचा फुलवाला भेटला, त्याने फुलांच्या गाडीत बसवून दवाखान्यात नेलं.

"परत येताना पोरगी फुलांवरच झोपली. घरी आल्यावर अंगाला सगळा मोगऱ्याचा वास," अक्का म्हणाल्या. "मला तुम्हाला सांगायचं होतं. तुम्ही आलात तेव्हा मी झोपले होते. मग राहूनच गेलं."

अण्णांचा हात शेंगेवर थांबला होता. "मला वाटलं तू अगरबत्ती लावली होतीस," ते म्हणाले.

"तुम्हाला वास आला होता?"

"आला की."

अक्कांनी आपल्या पुढ्यातला ढीग थोडा त्यांच्याकडे सरकवला.

एवढ्यात त्यांना मी दारात उभी दिसले. ज्या बाईने मला कधी कॉफी घेतल्याशिवाय परत पाठवलं नाही, तिने मला आत ये असंही म्हटलं नाही.

"नंतर ये गं," अक्का म्हणाल्या. "आता आम्ही बोलतोय."

मी दार हळूच ओढून घेतलं. जिना चढताना मागून अण्णांचा आवाज आला, "मग? त्या फुलवाल्याचं पुढं काय झालं?"